जनीचं भांडण आणि तुझी धास्ती

तू विचारलंस ते आधी तुझ्याच शब्दांत लिहून ठेवते. ‘ताई, मी देवाचं सगळं करायलेय. संकष्टी, गुरुवार, रोजचं स्तोत्र, काही म्हणजे काही चुकवत नाही. तरी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं की पोटात गोळा येतो. देवाला मी आवडत नसेन का गं?’

पुढे तू हसणारा चेहरा टाकलास. पण ते गमतीचं वाक्य नाही, एवढं मला कळतं. म्हणून फोन न करता लिहितेय. फोनवर तू ‘हो गं, हो गं’ करत विषय भलतीकडे नेतेस आणि मग आपण आईच्या गुडघ्यांवर बोलत बसतो.

तुझी धास्ती कशाकशाची आहे ते मला ठाऊक आहे, तू सगळं सांगितलं नाहीस तरी. रंग. बोलणं. ‘काय करायलीस’ असं तोंडातून निघालं की ऑफिसात कुणीतरी तेच हेल काढून म्हणून दाखवतं आणि बाकीचे हसतात. मग तू दिवसभर तोलून-मापून पुणेरी बोलतेस आणि संध्याकाळपर्यंत दमून जातेस. तुझी रूममेट फाडफाड इंग्रजी बोलते, ती झोपली की तू आरशासमोर उभी राहून तिच्यासारखं बोलून बघतेस. आणि आता रविवारी उदगीरला पाहुणे यायचेत. आईने फोनवर मुलाच्या आईला आधीच सांगून टाकलंय, ‘मुलगी सावळी आहे हं, पण नाकीडोळी नीटस.’ ते तू शेजारच्या खोलीतून ऐकलंस.

हा ‘पण’ आपल्या घरात फार जुना आहे. तुझ्या बारशाला आत्या पाळण्यात डोकावून म्हणाली होती, ‘नाकीडोळी छान आहे हो,’ आणि न बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. मी तेव्हा शाळेत होते, मलासुद्धा कळलं. नंतर साय-हळद, डाळीचं पीठ, संत्र्याच्या सालीची पूड, मग गोरं करणाऱ्या क्रीमची ती ट्यूब. 2020 साली त्या ट्यूबच्या नावातून ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं, आपल्याकडच्या आत्या मात्र आहेत तशाच राहिल्या. तेव्हा तुझ्या मनात हे कुठून आलं, याचा फार शोध घ्यायला नको. आलं ते घरातूनच आलं.

आता देवाचं बोलू.

तुझी पूजा मी लांबून बघते तेव्हा मला त्यात भिशी दिसते. हप्ता वेळेवर भरायचा, खाडा करायचा नाही, मग कधीतरी आपला नंबर लागेल. गेल्या संकष्टीला चंद्रोदयाआधी चुकून बिस्किट खाल्लंस, तर तू मला रात्री मेसेज करून विचारलंस, ‘आता काय होईल?’ काय होणार? पण तुझ्या त्या प्रश्नातून मला एक गोष्ट दिसली. ऑफिसात ज्या परीक्षेची तुला भीती वाटते, तीच परीक्षा तू देवघरातही मांडून ठेवली आहेस. दिवसा मॅनेजरसमोर पास व्हायचं, रविवारी पाहुण्यांसमोर पास व्हायचं, आणि रात्री देवासमोरही पास व्हायचं. मग बाई, टेकायला जागा कुठे उरली तुला? माझं म्हणणं एवढंच आहे की निदान त्या एका ठिकाणी तरी पास-नापासाचा कारभार बंद कर. मी ज्याला भरवसा म्हणते तो हाच. तू उद्या बढती मिळवलीस काय, अन् पाहुण्यांनी नकार कळवला काय, तिथली तुझी जागा हलत नाही, असं धरून चालायचं. सिद्ध काही करायचं नाही.

तू म्हणशील, ताई, हे बोलायला सोपं. खरं आहे. म्हणून मी तुला माझं सांगण्यापेक्षा जनाबाईचं सांगते.

जनाबाई आपल्याच मराठवाड्यातली, हे तुझ्या लक्षात आहे का? परभणी जिल्ह्यातलं गोदाकाठचं गंगाखेड हे तिचं गाव. म्हणजे तुला ज्या भागाच्या बोलीची लाज वाटायलीय, तिथलीच. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी आली आणि जन्मभर तिथे राबली. दळण, कांडण, पाणी, झाडलोट, शेण. जातीने शूद्र म्हणवली जाणारी, आईबापावाचून वाढलेली, कुणाच्या तरी घरातली मोलकरीण. त्या काळी माणसाला कमी लेखायला जे जे लागतं, ते सगळं एकाच बाईपाशी होतं. आज तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग सांगितले जातात.

त्या अभंगांत मला कायम थक्क करते ती तिची सही. प्रत्येक अभंगाच्या शेवटी कवीने नाव घालायची रीत. जनाबाई तिथे स्वतःला नामयाची दासी म्हणवते. आपण काय करतो? बाबांची नोकरी काय ते सांगताना आवाज बारीक करतो, गाव विचारलं की ‘लातूर साइड’ म्हणून मोकळे होतो. तिने जे लपवायचं तेच सहीत घातलं. आणि रडत नाही घातलं, ठसक्यात घातलं.

तिचा न्हाणीचा एक अभंग आहे. जनी न्हायला बसलीय, विसणाला गार पाणी नाही. देव धावत येतो आणि पाणी आणून देतो. तिचे केस किती दिवसांत धुतलेले नाहीत. तो स्वतःच्या हातांनी वेणी घालतो आणि ती त्याला आई म्हणते. आता हे डोळ्यांसमोर आण. आपण देवळात जाताना केस धुतो, स्वच्छ साडी नेसतो, देवासमोर आपली त्यातल्या त्यात बरी बाजू नेऊन उभी करतो. जनी त्याला गुंता झालेल्या केसांत भेटली. ती आधी नीटनेटकी झाली, मग तो आला, असं तिथे काही नाही. तिच्या सगळ्या काव्यात देव येतो तो अशाच अडचणीच्या वेळी: जात्याशी, उखळाशी, पाण्याच्या वाटेवर, शेण वेचताना. कपाळावरचा घाम पुसून ‘आता ये’ असं ती कधी म्हणत नाही.

आणि भांडते किती! विठ्ठलाला ती चक्क शिव्या घालते. घरातल्या कारट्याला घालाव्यात तशा, मनमोकळ्या. तू कधी देवाला ओरडली आहेस का? नाहीस. तू त्याच्याशी मॅनेजरशी बोलावं तसं बोलतेस, शब्द मोजून.

एक गोष्ट कीर्तनात हमखास सांगतात. जनाबाईची कीर्ती ऐकून कबीर तिला भेटायला पंढरपूरला आले. (काळाचा हिशेब जुळत नाही, कबीर नंतरचे; कीर्तनकाराला त्याचं सोयरसुतक नसतं आणि आपल्यालाही आत्ता नको.) येऊन बघतात तर दोन बायका रस्त्यात कचाकचा भांडताहेत. कशावरून? तर गोवऱ्यांवरून. ही म्हणते माझ्या, ती म्हणते माझ्या. कबीरांनी बिचकत विचारलं, इथे संत जनाबाई कुठे राहतात? तर भांडणाऱ्यांतली एक म्हणाली, मीच ती, काय काम आहे? कबीरांचा चेहरा पडला असणार. मग ती म्हणाली, तुम्हीच निवाडा करा. प्रत्येक गोवरी कानाला लावा. जिच्यातून विठ्ठल-विठ्ठल ऐकू येईल ती माझी. आणि ऐकू आलं.

कीर्तनकार त्या ऐकू येण्यावर रंगून जातात. मला मात्र त्याच्या आधीचा क्षण आवडतो. एवढा मोठा पाहुणा समोर, हात शेणाने माखलेले, पदर खोचलेला, भांडणाने आवाज चढलेला, आणि तिला लाजल्यासारखं होतच नाही. ती आत जाऊन हात धुऊन, बाईसाहेब होऊन बाहेर येत नाही. आपल्या चार गोवऱ्यांवरचा हक्कही सोडत नाही. पाहुण्याचं आपल्याविषयी काय मत होईल, हा विचार तिला शिवतच नाही, कारण तिच्याविषयीचं मत तिच्या लेखी आधीच झालेलं आहे, आणि ते कबीरांच्या हातात नाही. हे तुला मीटिंगमध्ये हवं आहे, समजलं? इंग्रजी नंतर येईल.

पण बयो, उद्यापासून तुला कुणाचं काही लागणारच नाही, असं मी म्हणत नाही. लागणार. ज्ञानेश्वरांना लागलं होतं.

आपल्या दोघींत मोठी मी आणि सांगणारी मी. आळंदीत उलटं होतं. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन परत संसारात आले म्हणून गावाने ते घर वाळीत टाकलं. चार मुलं, संन्याशाची पोरं म्हणून हिणवली गेलेली. मुंज नाही, पंगत नाही. पुढे आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. मुलांना सांगण्यात आलं, पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणा. म्हणजे बघ, आम्ही बरे आहोत असं लिहून देणारं सर्टिफिकेट. ते मागायला ही पोरं चालत गेली. त्या पत्रावर कुणाकुणाच्या सह्या होत्या, ते आज कुणालाही विचारून बघ. आणि त्यांतल्याच एका पोराने, ज्ञानेश्वरांनी, 1290 मध्ये नेवाशाला बसून जे सांगितलं, ते आज आपल्या घरोघरी आहे.

तर या ज्ञानेश्वरांना एकदा लोकांचं बोलणं इतकं लागलं की ते झोपडीत जाऊन बसले आणि ताटी लावून घेतली. दार कुणालाच उघडेनात. मग बाहेर उभी राहून सगळ्यांत धाकटी मुक्ताई त्यांना समजावत राहिली. तेच ताटीचे अभंग. मी ते बऱ्याचदा वाचते, आणि दर वेळी मला वाटतं की एखाद्या हताश माणसाशी कसं बोलावं, याचा याहून चांगला नमुना मराठीत नसेल. ती त्यांना ‘तू किती हुशार आहेस’ असं सांगून फुलवत बसत नाही. ‘ते लोकच वाईट’ असंही म्हणत नाही. ती त्यांना त्यांचंच ज्ञान आठवून देते: बोलणारे आणि आपण एकाच ठिकाणाहून आलो, मग राग कुणाचा धरायचा? आणि हे सांगून ती निघून जात नाही. एक अभंग संपला की दुसरा, पुन्हा तीच विनवणी. दार उघडेपर्यंत हलत नाही.

यातलं तुझ्या कामाचं काय, तर ज्ञानेश्वरांसारख्याला दार लावून बसावंसं वाटलं. त्यामुळे त्यांचा भरवसा कमी होता असं सातशे वर्षांत कुणी म्हटलं नाही. तुला मीटिंगनंतर बाथरूममध्ये जाऊन रडू आलं, म्हणून तुझी श्रद्धा खोटी ठरत नाही. आणि दुसरं, त्यांना दार उघडायला बाहेरून हाक लागली. देवावर भरवसा आहे म्हणून माणसं नकोत, असं कुठे आहे? तू तीन-तीन दिवस माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा मला त्या ताटीबाहेर उभं राहिल्यासारखं होतं. उचलत जा.

मी आळंदीच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालले होते, ते तुला माहीत आहे. दिवेघाटाचा तो टप्पा लांबलचक, वर पावसाची रिपरिप. संध्याकाळी टँकरखाली पाय धुवून बायका आपापल्या दिंडीच्या ट्रकपाशी टेकल्या. तिथे एक गोष्ट बघितली. कुणाकडेच आरसा नव्हता. एक म्हातारी कुंकवाची डबी आणि बुक्क्याची पुडी घेऊन बसली होती आणि एकेकीची हनुवटी धरून कपाळाला लावत होती. लावून झालं की दुसरी तिला लावायची. मीही पुढे सरकले. तिने माझा चेहरा हातात धरला, डोळे बारीक केले, कुंकू नीट मधोमध आलं का ते बघितलं, आणि मग माझ्याच पायाला हात लावला. माझ्या आजीच्या वयाची बाई! मी पाय मागे घेतले तर म्हणाली, ‘माउली, पाया पडू दे की.’ वारीत सगळेच माउली. गाव तिने विचारलं. नवरा काय करतो, किती शिकलीस, काही नाही. तो दिवसभराच्या थकव्याचा परिणाम असेल, काही असेल, पण त्या संध्याकाळी मला माझ्या दिसण्याची आठवणसुद्धा झाली नाही.

आणि ही सगळी माणसं चालतात कुणासाठी? त्या काळ्या दगडातल्या विठोबासाठी. त्याच्या काळेपणाचं कौतुक करताना संतांना शब्द पुरत नाहीत. तिकडून दर्शन घेऊन आलेली बाई घरी येऊन सुनेला ‘मुलगी उजळ आहे ना’ विचारते, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. ‘देवावर सोड’ हे वाक्य आपल्याकडे बायकांना गप्प बसवायला फार वापरलं जातं. माझं सांगणं त्यातलं समजू नकोस. अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या संत चोखोबांचं बघ. त्यांना वाटणारा कमीपणा मनातला नव्हता. देवळाचं दार त्यांना खरोखरच बंद होतं. भरवसा त्यांचा किती, तर आयुष्य त्या देवाला वाहिलेलं. पण म्हणून ‘चाललंय ते बरंच आहे’ असं त्यांनी म्हटलं नाही. विटाळ म्हणजे काय, तो कुणाला नाही, असं अभंगातून तोंडावर विचारलं. त्यांच्या बायकोने, सोयराबाईने, तर आणखी रोखठोक विचारलं. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, आणि त्यांची समाधी महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ झाली. आत नाहीच. ते दार उघडायला साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावं लागलं. गुरुजींचाही देवावर भरवसा होता. भरवसा होता म्हणूनच बसले.

तेव्हा तुझ्या धास्तीची जरा निवड कर. काही तुझ्या मनातलं आहे, ते देवापाशी ने. काही समोरच्याच्या वागण्यातलं आहे, त्याचा बंदोबस्त कर. तुझ्या बोलीची नक्कल करणाऱ्याला एकदा शांतपणे विचार, ‘यात हसण्यासारखं काय आहे, मला सांग ना.’ तेवढ्यावर बहुतेक लोक गडबडतात. नाही गडबडला, तर वरिष्ठांना सांग. त्यासाठी स्तोत्र नको.

आणि इंग्रजीचं म्हणशील तर ते खरंच कच्चं आहे. त्यात देवाला मध्ये आणू नकोस. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी आपल्याला काय सांगायचं आहे त्याची चार वाक्यं कागदावर लिही, मोठ्याने म्हण. पाचवं वाक्य अडलं तर मराठीत म्हण, तिथे निम्मे लोक मराठी आहेत. भरवशाचा उपयोग तिथे इतकाच होईल की वाक्य चुकलं तर रात्री झोप लागेल.

उपासाचं सांगते, चिडू नकोस. गुरुवार सोड. तुला पित्ताचा त्रास, त्यात निर्जळी करून तू लोकलमधल्या गर्दीत चक्कर येऊन पडली होतीस. देव रुसला तर माझं नाव सांग, मी बघून घेईन. त्याऐवजी रात्री दिवा लावलास की स्तोत्र म्हणायच्या आधी पाच मिनिटं आपल्या बोलीत बोल. आपल्या उदगीरच्या बोलीत, मोठ्याने. आज काय झालं, कोण काय म्हणालं, कशाचा राग आला. मागायचं काही नाही, आज काय काय बरं केलं ते पटवून द्यायचं नाही. राग त्याचाच आला असेल तर तसं सांग. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाण्याशिवाय नदीकाठी धरणं धरून बसले होते, असं सांगतात. ते काही गोड बोलायला बसले नव्हते. पहिले काही दिवस तुला भिंतीशी बोलल्यासारखं वाटेल. वाटू दे. रूममेट हसेल म्हणत असशील, तर गच्चीवर जा.

तो कुणीतरी सांगितलेला पुष्कराज घेऊ नकोस. ‘आत्मविश्वास वाढतो’ म्हणे. पगार झाल्याझाल्या ज्याचा फोन येतो, त्याला तुझ्या आत्मविश्वासाची काय पडलीय? कुठलाही महाराज, ताई, माताजी तुझ्या मनातल्या भीतीचा भाव सांगायला लागली की उठून यायचं. आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते लोकांचे फोटो बघणं कमी कर, याहून जास्त त्यावर मी बोलणार नाही, कारण मीही बघते.

एक मात्र गंभीरपणे. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, जेवण जात नसेल, ऑफिसला जायच्या विचाराने छाती धडधडून हातपाय गार पडत असतील, ‘आपण नसलेलोच बरे’ असं एकदा जरी मनात आलं, तर ते देवघरात बसून निस्तरायचं नाही. डॉक्टरकडे जायचं, मी बरोबर येईन. सरकारची टेली-मानस नावाची सेवा आहे, 14416 हा नंबर, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. तापाला गोळी घेताना आपली श्रद्धा कमी झाली असं आपण म्हणत नाही ना? मग हेही तसंच. तो नंबर फोनमध्ये माझ्या नावाखालीच साठवून ठेव.

राहिला रविवार. आईवर रागावू नकोस. तिला तिच्या सासूने काय काय ऐकवलं ते तुला माहीत नाही, मला थोडं माहीत आहे. सावळी ती स्वतः आहे. ती ‘पण’ म्हणते ते तुला कमी लेखायला नव्हे, आधीच सांगून ठेवलं म्हणजे नंतर कुणी टाकून बोलणार नाही, या भीतीने. तिला मी फोन करते.

तू तेवढं एक कर. ती लिंबू रंगाची साडी नेसू नकोस, ‘उजळ दिसतेस’ म्हणून कुणी सांगितली असली तरी. तुझा तो गडद जांभळा ड्रेस घाल, तुला आवडतो तो. पावडर नेहमी लावतेस तेवढीच. मुलाला तू स्वतः दोन प्रश्न विचारायचे: घरात स्वयंपाक कोण करतं, आणि शेवटचं भांडण आईशी कधी आणि कशावरून झालं. दुसऱ्या प्रश्नाला ‘आमच्यात भांडणंच होत नाहीत’ असं उत्तर आलं, तर माझ्याकडे बघ.

मी सोलापूरहून सकाळच्या एसटीने निघते, दहापर्यंत पोचेन. पोहे आई करेल, चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर येईन. तू आधीपासूनच बाहेर खुर्चीवर बसलेली हवीस.